मोजल्याशिवाय सही नाही

आपल्याकडे चार्ज देण्याघेण्याची रीत ठरलेली आहे. निवृत्त होणारा माणूस नोंदवह्या टेबलावर ठेवतो, किल्ल्यांचा जुडगा पुढे करतो. नवा माणूस 'वरीलप्रमाणे सर्व वस्तू समजून घेतल्या' या मजकुराखाली सही करतो आणि दोघं चहाला जातात. खुर्च्या, टेबलं, पंखे यांच्या बाबतीत त्यानं फारसं बिघडत नाही. मी ज्या संस्थेत अभिरक्षक म्हणून रुजू झाले तिथे मात्र त्या एका सहीखाली मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), पोथ्या, बाडं, नाण्यांची कपाटं आणि खाली संग्रहालयाचं दालन असं सगळं येत होतं. पश्चिम महाराष्ट्रातली, देणग्यांवर चालणारी जुनी संस्था. मी सही केली नाही. 'मोजते, मग करते,' एवढंच म्हणाले.

आधीचे अभिरक्षक दुखावले. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी या कपाटांना दिली होती. 'माझ्यावर संशय आहे का?' असं त्यांनी सरळ विचारलं. मी म्हटलं, 'सर, उद्या एखादा कागद सापडला नाही, तर पहिलं बोट तुमच्याकडेच जाईल, आणि तेव्हा तुम्ही उत्तर द्यायला इथे नसाल. आज मोजलं तर तुमचा हिशेब तुमच्यासमोर पुरा होईल.' ते काही न बोलता गेले. नंतर एका सकाळी चष्मा पुसत आले आणि मोजणीच्या टेबलाशी बसले. त्यांच्या मदतीशिवाय हे काम झालं नसतं. जुन्या नोंदीतलं अक्षर कुणाचं, कुठल्या देणगीदाराचे कागद कुठल्या वर्षी कपाट बदलताना हलले, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

आणि खरा धोका तिथेच होता. संग्रहात काय आहे हे कागदावर नसून एका माणसाच्या डोक्यात असतं, तेव्हा तो माणूस कितीही सचोटीचा असो, त्याच्यानंतर संस्था आंधळी होते. तो सचोटीचा नसेल तर त्याच्या हयातीतच होते.

कार्यकारी मंडळात विषय निघाला तेव्हा बहुतेकांचं म्हणणं होतं, 'दाराला चांगलं कुलूप लावू, कॅमेरे बसवू. आपल्याच माणसांची मोजणी कशाला?' मी त्यांना पिट्सबर्गच्या कार्नेगी लायब्ररीची हकिकत सांगितली. तिथल्या दुर्मीळ पुस्तकांच्या दालनात मोजक्याच लोकांना शिरता येत असे. तरीही सुमारे २५ वर्षं तिथून नकाशे, चित्रांचे कागद, अख्खे ग्रंथ बाहेर जात राहिले. लहान कागद तर पाकिटात घालून नेले गेले. नेणारा त्या दालनाचाच अभिलेखपाल होता. २०१७ साली विम्याच्या मूल्यांकनासाठी बाहेरचे जाणकार आले, त्यांनी यादी घेऊन फळ्या तपासल्या, तेव्हा उलगडा झाला. नुकसानीचा आकडा ८० लाख डॉलरच्या घरात होता. कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीतल्या एका कर्मचाऱ्यानं १९६८ ते १९७८ या काळात सुमारे १,६०० पुस्तकं नेली. ती कुणी नेली हे २००३ साली कळलं, तो वारल्यावर घरच्यांनी त्यातली पुस्तकं लिलावाला काढली म्हणून. या दोन्ही ठिकाणी चोर बाहेरून आला नव्हता. आतल्या माणसाला दार फोडावं लागत नाही.

मोजणीला परवानगी मिळाली, पण पैसे नाहीत. म्हणून माणसं जमवली. जवळच्या महाविद्यालयातले इतिहासाचे विद्यार्थी, मोडी वाचणारे दोन जाणकार, आणि एक निवृत्त बँक अधिकारी. या गृहस्थांचा इतिहासाशी काही संबंध नव्हता, पण संपूर्ण कामाला शिस्त लावली ती त्यांनीच. पहिल्या बैठकीतच त्यांनी विचारलं, 'तुमच्या कपाटाला किल्ल्या किती आणि कुणाकडे?' बँकेची तिजोरी एकट्या माणसाला उघडता येत नाही. दोन किल्ल्या, दोन माणसं, दोघांच्या सह्या. तीच पद्धत आम्ही नाण्यांच्या आणि दुर्मीळ पोथ्यांच्या कपाटांना लावली. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी ग्रंथपालांकडे. किल्ली कधी घेतली, कधी परत ठेवली, याची वेगळी वही. माझ्या मते, संस्थेनं आतल्या चोरीविरुद्ध एकच गोष्ट करायची ठरवली तर ती ही असावी.

त्यांचा दुसरा आग्रह होता दोन्ही बाजूंनी जुळवण्याचा. आपण सहसा नोंदवही हातात घेतो आणि एकेक वस्तू कपाटात शोधतो. त्यानं हरवलेलं कळतं, नोंद न झालेलं कळत नाही. म्हणून उलटंही करायचं. कपाटातली प्रत्येक वस्तू उचलायची आणि तिची नोंद शोधायची. आमच्याकडे या उलट्या फेरीत जे निघालं त्यानं मला झोप लागेना. पोतडीत बांधलेली पत्रं, डब्यांतली नाणी, शिक्के, कुठल्याच वहीत नसलेली. यातलं काही गेलं असतं तर ते गेलं हे सिद्ध करायला आमच्याजवळ काय होतं? काहीच नाही. २०२३ साली ब्रिटिश म्युझियमनं जाहीर केलं की संग्रहातल्या सुमारे २,००० वस्तू गहाळ झाल्या, चोरीला गेल्या किंवा त्यांची नासधूस झाली. त्यांत मुख्यतः कोरीव रत्नं आणि दागिन्यांचे तुकडे होते. कितीतरींची स्वतंत्र नोंदच झालेली नव्हती. चोर आतल्या माणसाच्या नजरेनं पाहतो. कशाची नोंद नाही हे त्याला आपल्याआधी माहीत असतं.

नाण्यांचं काम सर्वांत किचकट निघालं. जुन्या वहीत 'चांदीचे रुपये, ४० नग' अशा घाऊक नोंदी होत्या. मोजले तर चाळीस भरतात, म्हणून सगळं ठीक असं समजायचं का? त्यातला एक दुर्मीळ टाकसाळीचा रुपया काढून बाजारात सहज मिळणारा रुपया ठेवला, तरी नग चाळीसच. म्हणून प्रत्येक नाण्याला स्वतंत्र क्रमांक, दोन्ही बाजूंचा फोटो, व्यास आणि वजन. वजनावरून पुष्कळ कळतं. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असे. वापरानं थोडा झिजतो, पण फार हलका किंवा भारी निघाला तर तो बाजूला काढून जाणकाराला दाखवायचा. आमच्याकडे काही नाणी अशी बाजूला निघाली. त्यांतली काही मुळातच खोटी म्हणून देणगीत आली होती, हे जुन्या पत्रव्यवहारावरून कळलं. बाकीच्यांबद्दल खात्रीनं काही सांगता येत नाही, कारण आधीचं वजन कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. यापुढे मात्र सांगता येईल.

रुमालांचं काम वेगळं. रुमाल सोडायचा, कागद क्रमानं लावायचे, प्रत्येक पानाच्या ठरावीक कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीनं बारीक आकडा घालायचा, शेवटी एकूण पानांची संख्या तक्त्यावर लिहायची, दोघांनी सह्या करायच्या, रुमाल बांधायचा. सुट्या पत्रांवर संस्थेचा लहान शिक्का मारायचा की नाही यावर खूप चर्चा झाली. काही अभ्यासकांना ते कागद विद्रूप करणं वाटलं. संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञांना विचारून, न उडणारी आणि कागदाला न खाणारी शाई घेऊन, पाठीमागे मजकूर नसलेल्या जागी आम्ही तो मारला. शिक्का असलेला कागद घेताना व्यापारी दहादा विचार करतो. या निर्णयाबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हेच करताना एका बाडातली पानं कमी निघाली.

बाड म्हणजे शिवलेली वही. पान निखळलं तर शिवणीशी धागा सैल दिसतो, कड फाटकी असते. इथे शिवणीपाशी चार पानांच्या पट्ट्या तशाच उभ्या होत्या, त्यांची कड सरळ होती, आणि बाकीच्या पानांच्या कडा तपकिरी पडलेल्या असताना या कडा उजळ होत्या. म्हणजे पात्यानं कापलेलं, आणि फार जुनं नाही. आधीचे अभिरक्षक कितीतरी वेळ ते बाड हातात धरून बसले होते. मलाही काय बोलावं सुचेना. तीनशे वर्षं पाऊस, वाळवी, घरच्यांची भांडणं, स्थलांतरं यांतून वाचलेला कागद आमच्या वाचनकक्षात, आमच्या पंख्याखाली कापला गेला होता.

कुणी पाहिलं होतं ते बाड? मागणीच्या चिठ्ठ्या शोधल्या. अलीकडच्या तेवढ्या होत्या. जुन्या चिठ्ठ्या जागा होत नाही म्हणून रद्दीत गेल्या होत्या. मागणीची चिठ्ठी म्हणजे कुठला कागद कुणाच्या हातात, कधी होता, याचा एकमेव पुरावा. ती आता आमच्याकडे कायम जपली जाते आणि तिची संगणकावर नोंदही होते. पण त्या बाडाबाबत संशयितांची यादी करणंच अशक्य झालं. यात वाचक आले आणि आम्ही कर्मचारीही आलो.

पोलिसांत जावं की नाही यावर मंडळाची बैठक लांबली. 'बदनामी होईल, देणगीदार कागद परत मागतील,' हा मुद्दा सारखा येत होता. देणगीदारांची काळजी खोटी नव्हती. पण मी ब्रिटिश म्युझियमचं उदाहरण दिलं. डेन्मार्कच्या एका जाणकार व्यापाऱ्यानं २०२१ मध्येच ब्रिटिश म्युझियमला कळवलं होतं की तुमच्या वस्तू ऑनलाइन विकल्या जात आहेत. त्याला उत्तर मिळालं की सगळं जागेवर आहे. दोन वर्षांनी सगळं जाहीर करावं लागलं, संचालकांनी राजीनामा दिला. तेव्हाच शोध घेतला असता तर संग्रह आणि अब्रू दोन्हींचं नुकसान पुष्कळ कमी झालं असतं. शेवटी अध्यक्षांनीच 'तक्रार द्या' असं सांगितलं.

ठाण्यातल्या अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न साधा होता. 'पानं दिसतात कशी? फोटो आहे?' फोटो नव्हता. सुदैवानं एका जुन्या संशोधकांनी त्या बाडाची नक्कल आपल्या वहीत उतरवून घेतलेली होती आणि ती वही आमच्याच दप्तरात होती, त्यामुळे पानांवरचा मजकूर अक्षरशः सांगता आला. दुसरा आधार कसरीनं दिला. कसरीनं बाड आरपार पोखरलं होतं. आधीच्या आणि नंतरच्या पानांवर भोकांची नक्षी जवळजवळ सारखी आहे, तेव्हा मधल्या चार पानांवरही तीच असणार. ती पारदर्शक कागदावर उतरवून तक्रारीला जोडली. उद्या ही पानं कुठेही वर आली, मजकुराचा भाग कापलेला असला, तरी ती आमची आहेत हे त्या भोकांवरून दाखवता येईल. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं पुरावशेषांत मोडतात, परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. हेही तक्रारीत लिहिलं.

अशा वर्णनाचा उपयोग होतो का, असं मला विचारतात. नालंदाच्या संग्रहालयातून १९६१ साली १४ मूर्ती चोरीला गेल्या होत्या. त्यातली एक बुद्धमूर्ती २०१८ मध्ये युरोपातल्या कलाबाजारात विक्रीला दिसली. जुने फोटो होते म्हणून ओळख पटली आणि लंडनच्या पोलिसांनी त्याच वर्षी १५ ऑगस्टला ती भारतीय उच्चायुक्तालयाच्या हाती दिली. सत्तावन्न वर्षांनी. फोटो जपणाऱ्याचं काम इतक्या काळानंतर फळाला आलं.

यानंतर वाचनकक्ष बदलला. कॅमेऱ्यांचे पैसे नंतर आले, आधी आम्ही टेबलं फिरवली. वाचक पूर्वी खिडकीकडे तोंड करून, पर्यवेक्षकाकडे पाठ करून बसत. आणि एक कोपरा खांबामागे होता, तो तर सगळ्यांचा आवडता. आता सगळी टेबलं पर्यवेक्षकासमोर, आणि खांबामागे नुसती कुंडी. २००५ साली येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात एका कर्मचारी बाईंना जमिनीवर पडलेलं पातं दिसलं. त्यावरून एक नामांकित नकाशा-व्यापारी पकडला गेला, आणि त्यानं वेगवेगळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. तिथे ग्रंथालयातल्या माणसाची नजर कामी आली. म्हणून आमच्या पर्यवेक्षकाला त्या टेबलावर दुसरं कुठलंच काम द्यायचं नाही, हे लिहून ठेवलं आहे. पूर्वी तो तिथे बसून पावत्या लिहीत असे.

पिशव्या, छत्र्या, जाकिटं बाहेरच्या कप्प्यात. आत फक्त पेन्सिल, सुटे कागद, मोबाइल किंवा लॅपटॉप. फ्लॅशशिवाय फोटो काढायला आम्ही मोकळीक दिली, आणि ही सवलत मला बंदोबस्ताइतकीच महत्त्वाची वाटते. मजकूर हवा म्हणून पान फाडण्याचं कारणच त्यानं संपतं. एका वेळी एकच रुमाल, आणि परत देताना वाचकासमोर पानं मोजायची. सुट्या कागदांचा गठ्ठा देताना आणि घेताना बारीक काट्यावर वजन करतो, पण ते त्याच दिवसापुरतंच धरायचं. पावसाळ्यात कागद दमट होतो, वजन वाढतं, त्यामुळे उन्हाळ्यातल्या आकड्याशी जुलैतला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही.

सर्वांत अवघड गेलं ते ज्येष्ठांना सांगणं. एक मोठे अभ्यासक, ज्यांची पुस्तकं वाचून मी या क्षेत्रात आले, खांद्याला शबनम लावूनच आत यायचे. दारावर मामांनी नम्रपणे पिशवी मागितली, तेव्हा ते माझ्या खोलीत आले. 'आता आमचीही झडती घेणार का?' मी त्यांना माझी पर्स ज्या कप्प्यात होती तो दाखवला. अध्यक्षांची बॅगही तिथेच होती. त्यांनी पिशवी ठेवली, पण राग गेला नाही, आणि नंतर बराच काळ ते आले नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं. नियम मात्र बदलला नाही, कारण ओळखीच्या माणसाला सूट दिली की दारावरच्या मामांना रोज माणूस पाहून ठरवावं लागतं, आणि त्यांच्या पगारात आणि पदात ते ओझं बसत नाही. संध्याकाळी जाताना मामा माझी पर्स उघडून पाहतात. पहिल्या दिवशी त्यांचा हात अडखळला होता. 'मामा, माझी आधी पाहा,' असं मी रोज म्हणत गेले, आता ते न सांगता पाहतात. कचऱ्याची आणि रद्दीची पोतीही दोघांनी तपासल्याशिवाय बाहेर जात नाहीत.

एक भाग असा होता ज्याला चोरी म्हणता येत नव्हतं. पूर्वीच्या काळी संस्थेतले कागद संशोधकांच्या घरी जात. रात्री कंदिलाच्या उजेडात वाचून त्यांनी इतिहास उभा केला, हेही खरं. पण घरी गेलेला कागद परत आलाच याची नोंद नाही. विश्वस्तही 'पाहून आणून देतो' म्हणून पोथी नेत. आम्ही एक निवेदन काढलं. संस्थेचं काही घरी राहिलं असेल तर आणून द्यावं, कुणालाही काही विचारलं जाणार नाही, पोच मात्र दिली जाईल. लोक आले. वारलेल्या वडिलांच्या कपाटात सापडलेला गठ्ठा घेऊन एक मुलगी आली, तिला तो कुणाचा हेच कळत नव्हतं, फक्त वर आमच्या संस्थेचं नाव दिसलं. एका घरातून दोन पोथ्या टपालानं आल्या, पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. हरवलेल्यांच्या यादीतल्या कितीतरी ओळी अशा खोडल्या गेल्या, आणि त्या खोडताना आधीच्या अभिरक्षकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला. आता लेखी गेटपासशिवाय, दोन सह्यांशिवाय एक कागदही उंबरा ओलांडत नाही, अध्यक्षांसाठीही नाही.

खालच्या दालनाबद्दल थोडंच. प्रेक्षक वस्तू नेतात ते बहुतेक दिवसाउजेडी. २००४ च्या डिसेंबरमध्ये कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधून पाचव्या शतकातलं बुद्धशिल्प असंच गेलं.  आम्ही प्रत्येक कपाटातल्या वस्तूंचा रंगीत फोटो असलेला तक्ता दालनातल्या रखवालदाराच्या हाती दिला. उघडताना आणि बंद करताना तो फोटोशी ताडून पाहायचं आणि सही करायची. वस्तू दुरुस्तीला किंवा छायाचित्रणाला हलवली तर तिच्या जागी 'कुणी, कधी, कशासाठी' लिहिलेलं कार्ड. कार्ड नसलेली मोकळी जागा दिसली तर दालन लगेच बंद करायचं आणि मला हाक मारायची. मला विचारत बसायचं नाही की बंद करू का.

मोजणी पुरी झाल्यावर मी चार्जच्या कागदावर सही केली. सोबत तीन परिशिष्टं होती. नोंदीप्रमाणे मिळालेल्या वस्तू, नोंद नसताना मिळालेल्या वस्तू, आणि नोंद असून न मिळालेल्या वस्तू. तिसऱ्यात त्या चार पानांचं सविस्तर वर्णन आहे. आधीच्या अभिरक्षकांनी प्रत्येक पानावर स्वतःहून सही केली. एक प्रत मंडळाकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक कपाटात. चार पानांचं वर्णन आणि भोकांची नक्षी राज्यातल्या दप्तरखान्यांना, ग्रंथालयांना आणि जुन्या कागदांचा व्यवहार करणाऱ्यांना पाठवली आहे. पानं अजून मिळालेली नाहीत.

आता दर महिन्याला बँकेचे तेच गृहस्थ येतात, नोंदवहीतून डोळे मिटून काही क्रमांक काढतात आणि त्या वस्तू मला त्यांच्यासमोर हजर कराव्या लागतात. पुढची संपूर्ण पडताळणी माझ्याकडे नको, असं मी मंडळाला लेखी कळवलं आहे. सगळं माझ्या ताब्यात आहे, तेव्हा मोजायला दुसरं कुणी हवं.